दुसऱ्या पिंपाची बिटर

५ ऑक्टोबर, शनि.
ईराला आइंडहोवनला पोहण्याच्या क्लासला सोडलं. समोरच्या पबात अर्धा तास. बिअर हाताने ओढायचा पंप असलेला या भागातला माझ्या माहितीतला हा एकच. इंग्लंडची बिटर, म्हणजे तिकडची कडवट बिअर मागवली, अर्धा पाइंट. पहिल्याच घोटाला व्हिनेगर. बारवरच्या बाईंना म्हटलं, पिंप उघडून आठवडा तरी झालाय. त्या म्हणाल्या, इंग्लिश बिअर अशीच असते. भांडले नाही. ग्लास तसाच ठेवला.

शेजारचा उंच, पांढऱ्या दाढीचा माणूस ऐकत होता. नाव योस्ट. ब्रेडाला छोटी ब्रूअरी आहे त्याची. "तुला कसं कळलं?" सांगून टाकलं: लग्नाआधी चार वर्षं इंग्लंडात, यॉर्कशरमधल्या एका जुन्या ब्रूअरीच्या लॅबमध्ये होते. रोज सकाळी दहाला चाखायचं काम. किती वर्षांनी हे वाक्य मोठ्याने बोलले.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "पोहणं कसं झालं?" समीरच्या आई ऑगस्टअखेरीपासून आमच्याकडे आहेत. त्यांच्या लेखी मी तिकडे "फूड कंपनी"त होते. लग्न ठरताना समीरने तसं सांगितलं होतं. बारा वर्षं तेच चाललंय.

८ ऑक्टो., मंगळ.
दिवसभर स्क्रीनवर कंटेनर. कुठला रॉटरडॅमला अडकला, कुठला सुटला. मीटिंगमध्ये वहीच्या मागच्या पानावर लिहीत बसले:

बिटर म्हणजे मेथीची भाजी. आधी कडू, मग जिभेच्या मागे गोडसर. कारलं नव्हे.
थंडी किती? माठातल्या पाण्याइतकी. फ्रिजमधून काढली की मुकी होते.
माइल्ड: काळपट, हलकी. मिडलंड्समधली उत्तम. कुणी कौतुक करत नाही, म्हणून मला जास्त आवडते.
केंटचे हॉप्स, बिअर कडू करणारी फुलं: ओल्या गवताचा वास, थोडा मध. अमेरिकन हॉप्स आंब्याचा आव आणतात. नको.
कॉर्नवॉलची: चांगली, पण माझ्यासाठी गोड.
यॉर्कशरची: दाट फेस, खाली कोरडी. आमची.

आमची आता नाही. गेल्या वर्षी एका मोठ्या कंपनीने घेतली, बिअर आंबवायचे स्लेटच्या दगडाचे हौद मोडले. लेबल तेच, बनते दुसरीकडे. मैत्रिणीने बाटली आणून दिली होती. स्वच्छ, रिकामी चव. अर्धी ओतून दिली.

योस्टची मेल: दोन वर्षं इंग्लिश बिटर करायचा प्रयत्न करतोय, जमत नाही, एकदा येऊन बघशील का. समीरला दाखवली. म्हणाला, "छंद म्हणून ठीक आहे. आईला काय सांगायचं?" ऑफिसचं काम, असं ठरलं.

१२ ऑक्टो., शनि.
ब्रेडा. कालव्याकाठची शेड, ओली फरशी. योस्टचं माल्ट, म्हणजे मोड आणून भाजलेलं सातू, फार स्वच्छ चवीचं, यीस्ट त्याहून स्वच्छ. इंग्लिश माल्ट आणि केंटचे हॉप्स मी आधीच मागवून घ्यायला लावले होते. गरम पाण्यात माल्ट ढवळताना दंड भरून आले. तोंडून मात्र यॉर्कशरचं इंग्लिश सुरू झालं आपोआप. योस्टला निम्मं कळलं नसावं.

परत येताना ट्रेनमध्ये पाय हलवत बसले. समोरच्या बाईंनी दोनदा पायाकडे बघितलं.

१३ ऑक्टो., रवि.
सकाळी आई ईराची वेणी घालत होत्या. मी जवळून गेले तर हात थांबला. "वृंदा, तुझ्या केसांना लापशीचा वास येतोय. ऑफिसात लापशी करतात का?"
ईरा म्हणाली, "ब्रोट." म्हणजे पाव.
मी म्हटलं, कँटीन. आईंनी मान हलवली. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलंय त्यांनी. खोटं बोलणाऱ्या मुलीला किती वेळ द्यायचा, ते त्यांना माहीत आहे.

२ नोव्हेंबर, शनि.
पहिलं पिंप उघडलं. बटरस्कॉच. पेढा खाऊन वर पाणी प्यावं तसं. यो. ने घाई करून बिअर लवकर थंड केली, यीस्टला शेवटची साफसफाई करायला वेळच दिला नाही. तरी "वाईट नाही" म्हणाला. मी म्हटलं, वाईट आहे. सगळं मोरीत. त्याचा चेहरा पडला. मला मात्र बरं वाटलं. कितीतरी महिन्यांनी एखाद्या गोष्टीबद्दल इतकी खात्री होती.

घरी आले तर आई एकट्या. भाजी निवडत होत्या. न विचारताच सांगितलं सगळं. यॉर्कशर, लॅब, रोजचं चाखणं, ब्रेडा. त्या निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तेव्हाही तू प्यायचीस."
"चाखायचे. आणि हो, प्यायचेही."
"समीरला माहीत होतं?"
"त्यानेच फूड कंपनी म्हणायला सांगितलं."
देठं एका बाजूला सारून म्हणाल्या, "मला राग खोट्याचा आलाय. बिअरचाही आलाय, पण तो कमी आहे."
समीर आल्यावर त्याच्याशी दोन दिवस बोलणार नाही म्हणाल्या. मला वाढलं, त्याला स्वतःच्या हाताने घ्यायला लावलं.

९ नोव्हें., शनि.
आई स्वतःहून म्हणाल्या, मी येते. स्वेटर, त्यावर कोट, पायांत ईराचे पावसाळी बूट. योस्टने त्यांच्यासाठी खुर्ची पुसली. त्या बसल्याच नाहीत. पिंपं मोजली, वजनकाटा तपासला, भिंतीवरचा तक्ता वाचायचा प्रयत्न केला. भिजवलेल्या माल्टचा गाळ खाली बसून रस निथळू लागला तेव्हा विचारलं, "ही अजून दारू नाही ना?"
"नाही. नुसतं माल्टचं गोड पाणी."
चमच्याने घेतलं. पुन्हा घेतलं. "अगं, हे छान आहे. इथेच थांबवता येत नाही का?"
योस्टला भाषांतर करून सांगितलं. तो हसला नाही, विचार करत राहिला.

या वेळी यीस्ट यॉर्कशरहून मागवलेलं. आमचं नाही, पण शेजारच्या गावचं. आईंना म्हटलं, हे विरजण. "मग त्याला हलवू नको सारखं," त्या म्हणाल्या. यो. ला तेच मी आठवडाभर बजावतेय.

१५ नोव्हें., शुक्र.
ऑफिसात मॅनेजरने बोलावलं. जानेवारीपासून कायमचं कॉन्ट्रॅक्ट. सही पुढच्या पंधरा दिवसांत. समीर खूश. घर घ्यायचं तर बँकेला दोघांचं कायमचं कॉन्ट्रॅक्ट हवं. फेल्डहोवनला शाळेच्या मागच्या रस्त्यावरचं एक घर त्याने बघून ठेवलंय. मागे लहानशी बाग, सायकलींना शेड. मलाही आवडलं होतं. खरंच आवडलं होतं.
२९ला बँकेची अपॉइंटमेंट घेतली. दुपारी तीन.

१९ नोव्हें., मंगळ.
यो. चा फोन, लंचमध्ये. जानेवारीपासून आठवड्याचे चार दिवस येशील का? कॉन्ट्रॅक्ट एका वर्षाचं, पुढचं पुढे बघू. बिटर आणि माइल्ड पूर्ण तुझ्याकडे. म्हटलं, आधी दुसरं पिंप चाखू दे. हे उत्तर नव्हतं, त्यालाही कळलं.

संध्याकाळी समीरला सांगितलं. भांडी लावत होता.
"तुला हवं ते कर."
"हे तू कर म्हणून सांगतोयस की करू नको म्हणून?"
"वृंदा, मी नऊ वर्षं इथे आहे. मला कुठेतरी टेकायचंय."
मीही नऊ वर्षं इथे आहे. त्यातली तीन त्याच्या व्हिसावर घरात, ईराच्या मागे. हे बोलले नाही. तो चुकीचं बोलत नव्हता. रागवायला काही सापडेना म्हणून ओटा दोनदा पुसला.

२४ नोव्हें., रवि.
आई परत निघाल्या, त्यांना स्किपोल विमानतळावर सोडलं. समीर ट्रॉली आणायला गेला तेवढ्यात म्हणाल्या, "माझं मत विचारू नकोस. मी पस्तीस वर्षं एकाच शाळेत काढली. मला बरं वाटायचं की नाही, ते कुणी विचारलं नाही, मीही नाही." मग पर्समधून रुमाल काढला आणि ईराचं नाक पुसलं, जोरात. ईरा ओरडली.
सिक्युरिटीच्या पलीकडून एकदाच वळून बघितलं.
परतताना गाडीत, उट्रेख्तपाशी समीर म्हणाला, "त्या खोट्याबद्दल सॉरी." मी म्हटलं, मीही बोलतच होते ना ते.

२८ नोव्हें., गुरु.
कॉन्ट्रॅक्टचा पीडीएफ उघडा. सही उद्या पाचपर्यंत. वाचून झालाय, दोनदा. वाईट काही नाही त्यात. तीन वेळा उठून पाणी प्यायले.
उद्या सुट्टी घेतलीय. सकाळी ब्रेडा, पिंप उघडायचं, मग थेट बँक. दोन्ही होईल.

२९ नोव्हें., शुक्र.
हे पिंपाजवळ बसून लिहितेय.

दहाला पिंपाच्या वरच्या भोकात मऊ लाकडाची खुंटी ठोकली, गॅस बाहेर पडायला. फेस भसाभस. यीस्ट अजून जोरात आहे. अकराला थोडी ओढून चाखली. गढूळ, पण बटरस्कॉच नाही. कोरडी. मागे मेथी. यॉर्कशरची आमची नाही. थोडं काहीतरी वेगळं आहे, पाण्याचं असेल, इथल्या. दुसऱ्यांदा चाखली. वेगळीच आहे, आणि चांगली आहे. योस्टने घोट घेतला, खिडकीपाशी जाऊन उजेडात ग्लास धरून उभा राहिला.

फेस थांबला की कडक खुंटी ठोकायची, भोक बंद करायला. आधी ठोकली तर उद्या नळ उघडताच कारंजं. उशीर झाला तर जीव जातो बिअरचा.

दीडला समीरचा मेसेज: निघालीस का. कागद मी घेतलेत.
इथून बँकेपर्यंत तासभर, वेळ तीनची.
योस्ट म्हणाला, "तू जा, मी बघतो. खुंटी ठोकणं जमतं मला."
म्हटलं, हो, निघतेच.
फेस पुसला. पुन्हा आला, आधीपेक्षा कमी. कोट अंगात घातला. दोनला दहा कमी. स्टूल पुढे ओढून बसले.