तापलेला पत्रा, थंड सांगाडा

अब्बा, चार दिवस झाले, मला एका जागी बसवत नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी अजून शिकत होते, त्यामुळे माझं काम तुम्हाला ठाऊक नाही. अवकाशातून परतणारं यान प्रचंड वेगानं हवेत शिरतं, तापतं, थरथरतं. त्याचा कुठला भाग किती थरथरेल, हे आधी गणितानं सांगायचं, एवढंच ते. मंगळवारी चाचणीत यानाच्या अंगाचा एक पत्रा तापवून, तो थरथरावा म्हणून त्यावर मोठा आवाज सोडला. मी सांगितलं होतं त्याच्या कितीतरी पट तो हलला आणि कडेला फाटला. आमचे वयस्कर तंत्रज्ञ हदगावकडचे. ते म्हणाले, "मॅडम, पत्रा फुगून राहिला." मी सगळ्यांदेखत त्यांना म्हणाले, पत्र्यावरचं तुमचं मापकच नीट चिकटलेलं नाही.

भूकंपानंतरचं ते लातूर. डोक्यावर स्लॅब कुणालाच नको, म्हणून क्लासच्या सरांनी तुमच्याकडून पत्र्याचं छप्पर घालून घेतलं. मी तेव्हा तिथंच अकरावीचं फिजिक्स शिकत होते. तुम्ही माझे अब्बा, हे वर्गात कुणाला माहीत नव्हतं. तुम्ही दुपारच्या नमाजाला गेलात तेवढ्यात मी पाना घेऊन वर चढले आणि एका ओळीचे सगळे नट, सैल वाटले म्हणून, जीव खाऊन आवळले. दुसऱ्या दिवशी भर उन्हात पत्रा धडाडला. भूकंप समजून अख्खा वर्ग दाराकडे पळाला. एक मुलगी पायरीवरून पडली, तिचा हात मोडला. सरांनी तुम्हाला बोलावून पोरांसमोर नाही नाही ते सुनावलं. तुम्ही वर नटांकडे पाहिलंत, मग माझ्याकडे, आणि म्हणालात, "चुकलं माझं, सर." मी वही छातीशी धरून उभी होते. घरी जेवताना मान वर न करता तुम्ही एवढंच बोललात, "इत्ता कसू नक्को, बेटा. तपा तो पत्रा किदर जाइंगा?"

काल गणित पुन्हा उघडलं. आतला सांगाडाही पत्र्याइतकाच तापेल, असं मी धरलं होतं. तो थंडच राहिला. कडा त्याला बांधलेल्या, पत्र्याला पसरायला जागा नाही, म्हणून तो फुगला. अहवालात चूक माझ्या नावावर लिहिली. तंत्रज्ञांना जाऊन भेटले, तुमचंच बरोबर होतं म्हणाले. ते मान डोलावून "हाव" म्हणाले आणि चहा मागवला.

तरी चैन नाही, म्हणून हे लिहून वहीतच ठेवते आहे. पायरीवरून पडलेली ती मुलगी मला पुढे नांदेडला एका लग्नात भेटली होती. हात अजून सरळ होत नाही, म्हणाली, आणि ते छप्पर घालणाऱ्याला शिव्या दिल्या. नट मी आवळले होते, हे तर सांगितलं नाहीच. तो माझा बाप होता, एवढंसुद्धा बोलले नाही.