न पेटणारा गॅस

६ मे, आर्वी

लिहीन लिहीन म्हणत दोन महिने टाळलं. आज बसलो, नाहीतर शिकलेलं विसरेन. सिंदीचं घर सोडल्यापासून सुरतेतलं वेल्डिंग विसरलो, रायपूरचं टाइल्सचं काम विसरलो. हे विसरायचं नाही.

धीरजभाऊ फ्रिज-एसीचा मिस्त्री. मी त्याच्या हाताखाली, झोपतो त्याच्याच ओसरीवर. आजचा धडा — थंड करणारा गॅस. कारखान्यात कार्बनला फ्लोरिन न् काय काय चिकटवून करतात. वास नाही, रंग नाही. हवेपेक्षा जड, बंद खोलीत खाली साचतो, माणूस गुदमरतो न् त्याला कळतही नाही. उणे चाळीसला उकळतो! माझ्या बोटावर थेंब उडाला तर कातडी पांढरी पडून निघाली.

पण पेटत नाही. "ज्वाळेत सापडला तं विषारी धूर होते," भाऊ म्हणाला, "पण स्वतः भडकत नाई." काही मिस्त्री स्वस्तात म्हणून स्वयंपाकाचा गॅस भरतात. तो भडकतो. भाऊ त्यांचं नाव काढलं की थुंकतो.

८ मे

एसटी डेपोमागं दोन सांड झुंजले. एकाचं शिंग मुळापासून उखडलं, डोळ्यात रक्त, तरी हटेना. तेच बघत राहिलो. भाऊ पाना घेऊन शोधत आला. "काऊन बे, तुले कामाले ठेवलं का सर्कस पाहाले?"

११ मे

 

भूपेंद्रशेठच्या मिठाईच्या दुकानामागची थंड खोली बंद पडली. लग्नांच्या ऑर्डरचा खवा आत. गॅस गळत होता. भाऊनं उरलेला गॅस काढून घेतला. आता नळ्यांत नायट्रोजन दाबानं भरायचा, साबणाचा फेस लावायचा, बुडबुडा येईल तिथं भोक. पण नायट्रोजनची टाकी रिकामी निघाली. भाऊ ती भरून आणायला वर्ध्याला गेला. जाताना सगळ्यांसमोर मला म्हणाला, "मशीनले कोणाले हात लावू देऊ नको. ऑक्सिजन तं बिलकुलच नाई. आत तेल आहे. तेल न् ऑक्सिजन दाबात भेटले का बॉम्ब होते."

दुपारपर्यंत खव्याला वास सुटला. शेठ चवताळला. "दबावच पाहिजे ना? बाजूच्या वेल्डरकडं ऑक्सिजनची टाकी पडली आहे, ते लाव." पुतण्याला हाक मारली, चंद्रभानला. चंद्रभान म्हणाला, "काका, मिस्त्री नाई म्हणून गेला नं."

"मिस्त्री मालक आहे का मी?"

मी मशीनसमोर आडवा उभा राहिलो. शेठनं खवा परतायचा लोखंडी झारा माझ्या कानशिलात घातला. दोन पोरांनी ओढत नेऊन गल्लीत फेकलं. भिंतीशी टेकलो होतो, तेव्हा चंद्रभान वेल्डरची टाकी आत लोटत नेताना दिसला. थोड्या वेळानं उठत होतो तोच मशीन फुटलं. मागची भिंत बाहेर आली. मशीनचं झाकण समोरच्या कडुलिंबाच्या खोडात जाऊन रुतलं. चंद्रभानचा गुडघ्याखालचा पाय नालीपाशी पडला होता. तोंडावर कातडी नव्हती. तो ओरडत नव्हता, नुसता श्वास घेत होता, तोंडातून फेस.

त्याला सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं.

१२ मे

काल पुढचं लिहवेना.

भाऊ संध्याकाळी टाकी घेऊन आला. त्याला काहीच माहीत नव्हतं. टेम्पोतून उतरतानाच लोकांनी खाली खेचला. शेठ ओरडत होता, "यानंच स्वयंपाकाचा गॅस भरला, माह्या पुतण्याले खाल्लं यानं." काठ्या, सळया, विटा. चंद्रभानची बायको मोहिनीवहिनी दवाखान्यातून कपडे न्यायला आली होती. तिनं गर्दीत घुसून भाऊच्या तोंडावर दगड मारला. दात पडले. मी मध्ये गेलो तर माझी बरगडी गेली. एकानं भाऊचा उजवा हात पायरीवर ठेवला न् दुसऱ्यानं त्यावर उडी मारली. तो आवाज कानातून जात नाही.

पोलिसांनी सोडवलं. आणि भाऊलाच आत घेतलं.

१३ मे

ठाण्यात गेलो. सांगितलं, तो गॅस पेटतच नाही, शिवाय नळ्या रिकाम्या होत्या. शेठनं ऑक्सिजन लावायला लावला. हवालदार मधुकरराव म्हणाले, "गॅसची मशीन, गॅसवाला मिस्त्री, न् फुटला ऑक्सिजन? कोणी पाहिलं?"

"मी."

"तू गल्लीत होता म्हणते. दुसरं कोणी?"

दुसरा चंद्रभान, तो बेशुद्ध. दुकानातली पोरं शेठची. ऑक्सिजनची टाकी जागेवरून गायब.

१४ मे

शेठची माणसं आली. माझं डोकं ओसरीच्या खांबावर आपटलं. एकदा, मग सावकाश आणखी एकदा. "पुलगावाहून रेल्वे भेटते. चालला जाय. नाई तं तुह्याकडून लिहून घेऊ का धीरजनंच स्वयंपाकाचा गॅस भरला."

१५ मे

सुलोचनाबाईंनी, म्हणजे भाऊच्या आईनं, आज जेवायला वाढलं नाही, पोळ्या फडक्यात बांधून समोर ठेवल्या. "घे. रस्त्यात खाजो."

मी म्हटलं, जातो असं मी कुठं म्हटलं?

"सिंदीहून निघाला तवा मायले सांगून निघाला होता का?"

 भाऊ जामिनाशिवाय आत, मोडक्या हातानं. मी गेलो तर त्याच्या बाजूनं बोलणारं कोणी उरत नाही. राहिलो तर हे मारतील, किंवा सही घेतील. सहीचीच जास्त भीती वाटते, कारण मार खाल्ल्यावर मी काय करेन ते मला ठाऊक नाही.

१६ मे

पिशवी भरली. उद्या सकाळची पुलगावची एसटी.

सुलोचनाबाईंनी फाटक उघडलंय. मोहिनीवहिनी आली आहे, एकटी, सेवाग्रामहून सरळ. खाली बसेना, पाणी घेईना. "ते सकाळी शुद्धीत आले, बोलले. काकानंच टाकी लावाले लावली म्हणते. डॉक्टरसमोर म्हटलं. माह्यासंग ठाण्यात चालतोस का, का मी एकटीच जाऊ?"