गाडी पुतणीला, सीट भावजयीला

मी खाली सही करणार, धंदा मोटार दुरुस्ती, वय सत्तरीच्या पलीकडे, शाळा अर्धवट आणि उरलेलं शिक्षण इंजिनाखाली आडवं पडून, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, मला कोणी धमकावलेलं नाही की फूस लावलेली नाही, आणि डोळ्यांनी कमी दिसत असलं तरी कान शाबूत आहेत. कानांचा उल्लेख मुद्दाम केला आहे, कारण पुढे येईल. याआधी मी काही लिहून ठेवलं असल्यास ते रद्द समजावं.

कलम १. राहतं घर माझ्या पश्चात पुतणीच्या, म्हणजे माझ्या दिवंगत धाकट्या भावाच्या मुलीच्या मालकीचं होईल. तिच्या आईने, म्हणजे माझ्या भावजयीने, त्यात हयातभर राहावं. स्वयंपाकघरात तिचाच शब्द चालेल. मी घराचा मालक असून माझा कधी चालला नाही.

कलम २. बँकेत असेल ते भावजयीला. किती आहे ते तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

कलम ३. गॅरेज आणि सगळी हत्यारं पुतणीला. पाने जागच्या जागी ठेवावेत. शेजारच्या रंगाऱ्याला मागितली तरी शिडी देऊ नये. त्याने धाकट्याच्या गाडीचा डावा दरवाजा बाकी अंगापेक्षा किंचित गडद रंगवला आणि वर म्हणाला, "उन्हात कळणार नाही." उन्हातच कळतो. हा राग मी कोणाच्या नावे करत नाही, सोबत नेतो. त्याला साक्षीदार मात्र केलं आहे, म्हणजे सही करण्याआधी त्याला हे वाचावं लागेल.

कलम ४. आता मागच्या शेडमधली गाडी. खरं तर हे सगळं लिहायला बसलो ते हिच्यासाठी.

ही गाडी आम्ही दोघा भावांनी पत्र्यापासून उभी केली. ती स्पोर्ट्स कार की सुपरकार, हा आमचा जन्माचा वाद. गिऱ्हाइकं म्हणतात, महाग ती सुपरकार. तसं असतं तर सोन्याच्या घागरीतलं पाणी गोड लागलं असतं. कोणी म्हणतं, इंजिन पाठीमागे हवं. ते साध्या दोन सीटच्या गाडीतही असतं. वेग म्हणाल, तर आजची घरगुती गाडी जुन्या सुपरकारला धूळ चारते. माझं म्हणणं एवढंच की स्पोर्ट्स कार चालवणाऱ्याची असते. वळणावर ती हाताला सांगते, बाबा, आता पुरे. तिचं शेवटचं टोक चांगल्या हाताला रस्त्यावर सापडतं. सुपरकारचं टोक रस्त्यावर सापडतच नाही. तिच्यात कायम काहीतरी न वापरलेलं उरतं, आणि त्या उरलेल्यासाठीच लोक वाटेत थांबून बघतात.

धाकटा म्हणायचा, "मग आपली सुपरच आहे, दादा. हिच्यात अजून काय काय आहे ते मलाच कळलेलं नाही."

"ते तुला कळलेलं नाही. त्यात गाडीचं काय कौतुक?"

"तू ना, विमानालाही आधी टपावर कॅरियर बसवशील."

तिची सीट आम्ही त्याच्या अंगावर बेतली. पिशवीत फुगणारा फेस ओततात, चालक त्यावर बसतो आणि फेस घट्ट होईपर्यंत जराही हलत नाही. मी म्हणालो, "हलू नकोस, नाहीतर जन्मभर वाकडा बसशील." झालं, त्याला हसू फुटलं. डावा खांदा उडाला आणि फेस तसाच घट्ट झाला. मी म्हटलं, तासून काढू. तो म्हणाला, "राहू दे. गाडीत एक तरी गोष्ट हसरी हवी."

एका दुपारी तो गाडी घेऊन गेला आणि परतला नाही. मी शोधत पोचलो तेव्हा गाडी रस्त्याच्या कडेला नीट लावलेली होती, हँडब्रेक ओढलेला, वळणाचा दिवा लुकलुकत होता. तो सीटमध्ये होता. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. इंजिन नुकतंच थांबलं होतं. तापलेलं लोखंड निवताना टिकटिक करतं, तशी ती टिकटिकत होती. त्याचा हातही अजून गरम होता.

तेव्हापासून गाडी शेडमध्ये आहे. बॅटरी काढलेली, टाकी कोरडी. तरी सकाळी दार उघडलं की टिकटिक ऐकू येते, जणू कोणी आत्ताच आणून लावली आहे. इंजिनाच्या झाकणावर हात ठेवतो, तर गार. उन्हाने छपराचा पत्रा वाजतो हे मला कळतं. पण हा आवाज वरून येत नाही.

मागच्या महिन्यात पुतणी मला न विचारता त्या सीटमध्ये बसली. मांड्या, पाठ, मान, कुठे बोटभर फट नाही. बापाचंच अंग. फक्त डावा खांदा बसेना.

"काका, इथे हा उंचवटा कसला?"

मी हसण्याची गोष्ट सांगितली. ती हसली, खांदा उडाला आणि बरोब्बर त्या जागी जाऊन बसला. दारात भावजय चहा घेऊन उभी होती.

"ऊठ. आधी ऊठ तिथून."

"आई, मी नुसती बसलेय."

"तोही नुसता बसला होता. भाऊजी, ही गाडी भंगारात घाला. एकाला खाल्लं, आता हिला हाक मारतेय."

"खाल्लं नाही. बाबांना कडेला आणून उभं केलं तिने. काका, तुम्ही तरी सांगा."

मी चहा प्यायलो. दोघीही मला जिवाच्या, आणि दोघींचंही खरं वाटत होतं. तेव्हापासून त्या माझ्यामार्फतच एकमेकींशी बोलतात. सबब उत्तर इथे देतो.

गाडी पुतणीला. ती चालवावी, झाकून ठेवू नये.

सीट मात्र भावजयीला. धाकट्याच्या अंगाचा तेवढाच ठसा जगात उरला आहे आणि त्यावर पहिला हक्क तिचा. ती ठेवावी, जाळावी, की तिला टेकून बसावं, हे तिने ठरवावं. कोणी हरकत घेऊ नये. पुतणीने स्वतःच्या अंगाचा नवा साचा करावा. बापाने सोडलेल्या पोकळीत बसून गाडी चालवू नये. साचा घेताना आईने समोर बसावं आणि मुलीला हसू आलं तर येऊ द्यावं.

कलम ५. वाद मी सोडतो. गाडी स्पोर्ट्स कारच आहे. तिने सांगितलं, पुरे, आणि त्याने ऐकलं. पण धाकट्याचं टोक कोणाला सापडलं नाही. सुपर तोच होता.

कलम ६. मी गेल्यावर बॅटरी जोडावी, तेल-पाणी बघावं आणि पुतणीने गाडी लांबवर नेऊन परत आणावी. तापल्याशिवाय लोखंड निवत नाही. मग टिकटिक पूर्ण थांबेपर्यंत दोघींनी शेडमध्ये बसून राहावं. मला ते जमलं नाही.

ठिकाण: गॅरेजची मागची खोली.
दिनांक: स्टँप पेपरच्या शिक्क्यात आहे तोच.
सही: गॅरेजवाले दादा

साक्षीदार पहिला, रंगारी: वाचलं. दरवाजाबाबत हरकत आहे, बाकी मान्य. शिडी माझीच आहे.

साक्षीदार दुसरा, सीटचं कव्हर शिवणारा शिंपी: दादांनी माझ्यासमोर शुद्धीवर असताना सही केली. सही होताना मी म्हणालो, तुमचं घड्याळ फार मोठ्याने वाजतं. दादा म्हणाले, या खोलीत घड्याळ नाही. मग बराच वेळ त्यांनी माझा हात सोडला नाही.