आबांच्या डिझेल गाडीचे ट्यूनिंग

रविवार, ५ जानेवारी २०२५
नात सायली हिने आज विषय काढला. तिच्या कंपनीतील मैत्रिणीने पेट्रोलवर धावणारी टर्बो गाडी घेतली आहे. हिलाही तशीच हवी. माझी डिझेल गाडी देऊन टाकायची, म्हणे. मी नकार दिला. या गाडीने मला एकदाही रस्त्यात उभे केलेले नाही. आणि ती मी स्वतः चालवितो. शिक्षण चौथीपर्यंतच झाले. परंतु परवाना पहिल्याच चाचणीत मिळविला — तोही ट्रकचा!

बुधवार, ८ जानेवारी
सायलीने दुसरा मार्ग शोधला. "आबा, नवी नको. हिलाच ट्यून करू. पेट्रोलवाली मागं राहील, बघा."
चिकलठाण्याला केयूर नावाचा तंत्रज्ञ आहे. तो इंजिन खोलत नाही. संगणक जोडून डिझेल किती व हवा किती, ते बदलतो. इंजिनाचे आयुष्य घटेल काय, असे मी विचारले. बेताने केले तर नाही, म्हणाली. संमती दिली. गाडी घरात राहते, हे पुरेसे.

शनिवार, ११ जानेवारी
नेमाप्रमाणे खुलताबादला भद्रा मारुतीचे दर्शन घेतले. गाडी मी चालविली. शेजारी पत्नी सत्यभामा, मांडीवर तेल व रुईची माळ. दौलताबादच्या दरवाजात डावा आरसा कमानीस घासला. ऊन डोळ्यांवर होते. सत्यभामा घरी आल्यावर सर्वांदेखत म्हणाली की, यांचे डोळे दाखवा. मुलगा म्हणाला की, चावीच काढून घेतो. डोळे ठीक आहेत! सायलीने आरशावरील ओरखडा पुसून पाहिला.

शुक्रवार, १७ जानेवारी
गाडी ट्यून होऊन आली. नारळ फोडला, चाकांखाली लिंबे ठेवली. सत्यभामेच्या मते संगणकालाही दृष्ट लागते. सायलीने मला शेजारी बसवून हर्सूलपर्यंत नेले. पाठ आसनास चिकटली! "कसं काय आबा? लई भारी ना?" मी 'ठीक आहे' एवढेच म्हणालो. मनातून संतोष झाला.

शनिवार, १८ जानेवारी
आज माझ्या हाती गाडी. ताकद गेली कोठे? पडेगावच्या सरळ रस्त्यावर काटा पन्नासच्या पुढे सरकेना. एसटीने मागे टाकले. एका रिक्षावाल्याने जाता जाता विचारले, "चाचा, धक्का मारूं क्या?" उत्तर देणे उचित वाटले नाही. सायलीस सांगितले. डिझेल खराब असेल, म्हणाली, व स्वयंपाकघरात निघून गेली.

शनिवार, २५ जानेवारी
पुन्हा पन्नास. सत्यभामा मात्र आज गाडीत चक्क झोपली. एरवी दारावरची कडी घट्ट धरून बसते.

सोमवार, २७ जानेवारी
केयूरकडे एकटाच गेलो. ही शुद्ध फसवणूक आहे, असे त्यास स्पष्ट सुनावले. त्याने फडक्याला हात पुसले. मग म्हणाला, "आबा, गाडीत दोन सेटिंग हायत. एक ताईचं, एक तुमचं. स्टिअरिंगखाली बटण हाय. तुम्हाला सांगायचं नव्हतं."
कारण विचारले.
"घरचे म्हणतात, आबांची चावी काढून घ्या. ताई म्हणल्या, मला ते जमायचं नाय, त्यापेक्षा आबांची गाडी पन्नासातच राहू दे."
मी त्यास नमस्कार केला व निघालो. घरापर्यंत पन्नासच्या आत आलो. कोणास काही सांगितले नाही.

शनिवार, १ फेब्रुवारी
बटण दिसले नाही, बोटांनी शोधले. सायलीच्या बाजूस दाबले. मग तिला हाक मारून चावी तिच्या हाती दिली व म्हणालो, "आज तू चालव. त्या एसटीला उत्तर द्यायचे राहिले आहे."
तिने खाली वाकून बटणाकडे पाहिले. मग माझ्याकडे. मी शेजारच्या आसनाचा पट्टा लावून घेतला.