पाचवीची ट्रॉफी

सुमंत,

शोकेसमधली कोडिंग स्पर्धेची ट्रॉफी शोधू नकोस. ती परत करायला मधुवंतीला घेऊन शाळेत जाते आहे.

मिहानमधल्या तुझ्या अठरा वर्षांच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीने पाचवीतल्या मुलांना हरवलं, त्याबद्दल अभिनंदन.

काल मी तिला म्हटलं, "स्पर्धेतल्या तुझ्या प्रोग्राममधला सिग्नल तीसऐवजी चाळीस सेकंद लाल ठेव." तिला ती ओळच सापडेना. "आई, मला कम्प्युटर जमत नाही गं," म्हणाली आणि रडली. मुलांना संगणकाची गोडी लागावी म्हणून ही स्पर्धा घेतात म्हणे.

आज सकाळी तिने स्वतः सात ओळी लिहिल्या. लॅपटॉप उघडाच आहे. सिग्नल लाल होतो, हिरवा होत नाही. परत आल्यावर ती चूक शोधणार आहे.

तुला ती लगेच दिसेल. हात लावू नकोस.

यामिनी