रक्तात लाडू दिसतो का?

रेवदंड्याच्या सौ. वेणूबाई विहीणबाईंना उरणहून सत्यवतीचा हात जोडून नमस्कार. तुमचे गुडघे आणि व्याह्यांचा खोकला आता कसा आहे? आमच्याकडे सगळं ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते; ठीक काहीच नाही. फोन केला असता, पण तुम्ही तो स्पीकरवर टाकता आणि व्याही ऐकतात. हे त्यांनी ऐकण्यासारखं नाही.

तुमच्या लेकीला सहावा महिना लागला तशी डॉक्टरीणबाईंनी साखरेची तपासणी सांगितली. साखरपाणी प्यायचं, दोन तास काही न खाता बसायचं, मग रक्त द्यायचं. पहिल्या खेपेला प्राप्तीने ग्लास रिकामा केला आणि दहा मिनिटांत सगळं दवाखान्याच्या पायरीवर ओकली (तिथे आमच्या परेशच्या नव्या चपला होत्या). दुसऱ्या खेपेला पाणी पोटात टिकलं, पण तासाभराने पोरगी पांढरीफटक पडून भिंतीला टेकली. परेश ट्रेलर घेऊन न्हावा शेवा बंदराच्या रांगेत अडकलेला. माझा जीव राहीना. पिशवीत नाचणीचा लाडू होता, तो पुढे केला. ती म्हणाली, "आई, खायचं नाही सांगितलंय." मी म्हटलं, "चार पोरं काढलीत मी, मला नको शिकवू. नाचणीला काय व्हत न्हाय." तिने मान राखून खाल्ला. (माझा मान. तिचा कोणी राखायचा?)

साखर आली एकशे चौऱ्याण्णव; हवी एकशे चाळीसच्या आत. घरातून भात गेला, गूळ गेला, पोरीचं हसू गेलं. "आई, माझंच काही चुकलं का?" म्हणून ती रडायची, आणि मी "नशीब गं" म्हणायचे. नशिबाला हात असता तर त्याने माझ्या थोबाडीत मारली असती. आठ दिवस मी मूग गिळून बसले.

नवव्या दिवशी दवाखान्यात मुंबईच्या कॉलेजातून साक्षी नावाच्या डॉक्टर आल्या. पुढे साखर वाढणार हे रक्तातल्या काही खुणांवरून आधीच कळतं का, हे त्या शोधतायत. जमलं तर पुढच्या पोरींची साखरपाण्यातून सुटका (अजून खात्री नाही, असं त्याच म्हणाल्या). प्राप्तीने रक्त द्यायला हात पुढे केला आणि मी मध्ये पडले. विचारलं, "बाई, या रक्तात सगळं दिसतं का?"

"म्हणजे काय, मावशी?"

"मागे खाल्लेला लाडू?"

विहीणबाई, रक्तात लाडू दिसत नाही. पण हे त्यांनी सांगेपर्यंत मी सगळं बोलून गेले होते. प्राप्तीने माझ्याकडे पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तिसऱ्यांदा तपासणी झाली तेव्हा मला फाटकाबाहेर बसवलं. साखर एकशे बासष्ट. म्हणजे दुखणं खरंच आहे. लाडवाने ते आणलं नव्हतं, पण म्हणून मी सुटले असं नाही. आता रोज चार वेळा बोट टोचून साखर बघायची असते. परेशला रक्त बघवत नाही, म्हणून ते मी शिकले. ती बोट पुढे करते आणि तोंड भिंतीकडे फिरवते. दहा दिवस एक शब्द नाही. मी टोचते, आकडा वहीत लिहिते आणि मोरीत जाऊन रडते.

व्याह्यांना नमस्कार सांगा, पत्राचं कारण सांगू नका.

आपली (लिहिताना लाज वाटते),
सत्यवती

ता. क. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत मला ठाऊक आहे. तरी पदर पसरते, तिला इथेच राहू द्या. तुम्हाला सुई धरवत नाही, हे तुम्हीच मागे म्हणाला होतात. आणि ती अशी न बोलता गेली, तर परत कशी येईल? ती यायचं म्हणाली तर तुमच्या घराची कौलं काढलीत असं सांगा. खोटं आहे, पण मला आता सवय झाली.

ता. क. दुसरं. पाकीट आणायला उठले तेवढ्यात प्राप्तीने पत्र वाचलं. म्हणाली, "कौलं नका लिहू, माझ्या आईला खोटं बोलता येत नाही. मी राहते म्हणून लिहा." मग म्हणाली, "आणि तुम्ही सुई फार जोरात मारता." दहा दिवसांनी बोलली, विहीणबाई, आणि तेही माझी चूक काढायला.