वीज परत आल्यावर

सोमवार, ४

आले एकदाची! खोलीची किल्ली मिळाली, नळाला पाणी आहे, खिडकी नीट लागत नाही एवढीच काय ती कुरबुर. ताईला फोन करून सगळं सांगितलं. जेवलीस का, हे तिनं नेहमीप्रमाणे तीनदा विचारलं.

कंपनी छोटी, पण काम मनासारखं. रुग्णाच्या शिरेत थेंबथेंब औषध सोडणारा पंप इथं बनतो. यूएसबीच्या वायरीनं तो खाटेजवळच्या संगणकाला जोडलेला असतो. वीज क्षणभर गेली की पोर्ट रीसेट होतो, म्हणजे जोडणी तुटून पुन्हा जुळते, आणि पंप परत येतो तो पाटी कोरी करूनच. औषध किती, वेग किती, काही म्हणजे काही आठवत नाही. संगणकातला ड्रायव्हर, म्हणजे पंपाशी बोलणारा प्रोग्रॅम, त्याला फक्त नाव विचारतो. नाव जुळलं की खूश! मागचं सगळं पंपाला परत सांगायला हवं, हे कुणाला सुचलंच नव्हतं. ते मी लिहायचं.

चाचणीच्या खोलीत वायरमन काका असतात. साठीचे, खिशाला टेस्टर. मला पाहून उठून उभे राहिले. "या, या. पंख्याखालची खुर्ची घ्या, दुसरी कुरकुरते." पाच वाजता त्यांची मुलगी स्कूटरवरून न्यायला आली. ही आमची बेबी, म्हणाले. बेबी तिशीची, शाळेत शिकवते. ती लाजली, ते फुलले.

मंगळवार, ५

खोलीच्या मधोमध चाचणीच्या यंत्रांची एक उंच मांडणी आहे. ती पंपाच्या पोर्टची वीज तोडते, पुन्हा देते आणि लाल आकड्यांत मोजते. आज दहा वेळा चालवली. प्रत्येक वेळी टक् असा आवाज होतो आणि कानात दडे बसतात.

दहाव्या टक् नंतर काका उठून उभे राहिले. या, या म्हणाले. पंख्याखालची खुर्ची घ्या, दुसरी कुरकुरते. मला वाटलं थट्टा करतायत, म्हणून हसले. ते हसले नाहीत. नवीन का, असं त्यांनी आपुलकीनं विचारलं.

साहेबांच्या कानावर घातलं. वय झालंय त्यांचं, म्हणाले.

बुधवार, ६

जमलं! नुसत्या नावावर विश्वास ठेवायचा नाही. वीज आली की पंपाला सगळं नव्यानं सांगायचं आणि त्याच्याकडून वदवून घ्यायचं. चाळीस रीसेट झाले, चाळीसही वेळा पंपानं वेग बरोबर सांगितला. मी खुर्चीतच गरकन फिरले.

पाच वाजता बेबी आली. कोणाला भेटायचंय, असं काकांनी तिला विचारलं. आधी ती हसली. मग तिचा चेहरा उतरला. तिनं हात धरला तेव्हा ते गेले, पण रस्ता दाखवणाऱ्या परक्या माणसाबरोबर जावं तसे.

संध्याकाळी फोन वाजला. कुणीतरी चिमे म्हणून हाक मारली. राँग नंबर म्हणून मी ठेवून दिला. पुन्हा वाजला. ताई होती, रडत होती. लहानपणापासून ती मला चिमी म्हणते म्हणे.

म्हणे!

गुरुवार, ७

साहेबांशी कडाक्याचं भांडले. ती मांडणी माणसंही कोरी करते, बंद करा, असं तोंडावर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. उद्या हजार रीसेटची चाचणी आहे, त्याशिवाय पंप दवाखान्यात जाणार नाही, आणि खोलीत वायरमन लागतोच, म्हणाले. तेवढ्यात आत टक् झालं. साहेब दारातच उभे होते. त्यांनी अदबीनं मला विचारलं, आपण कोण?

राजीनामा लिहिला. फाडला.

बेबीला फोन केला, काकांना उद्या पाठवू नका म्हटलं. ती म्हणाली, चपला लपवून पाहिल्या, अनवाणी निघतात; कामाची वाट तेवढी लक्षात राहिलीय. मग मी एकेक विचारत गेले आणि ती सांगत गेली. ती त्यांना अप्पा म्हणते. सायकल शिकवताना ते सीट धरून मागे पळत होते, वळणावर सोडली, ती पडली, हनुवटीवर अजून खूण आहे. सगळं चिठ्ठीवर उतरवलं. पंपाला जमतं ते माणसाला का जमू नये? माझ्यासाठीही एक चिठ्ठी करून ठेवली.

कोरी करणार काय? म्हणावं, माझ्याशी गाठ आहे.

शुक्रवार, ८. सकाळ

चाचणी संपेपर्यंत दार बाहेरून बंद. आत मी आणि काका. टक् झालं की चिठ्ठी मोठ्यानं वाचते आणि त्यांच्याकडून वदवून घेते. प्रत्येक वेळी ते आधी खुर्ची देतात. प्रत्येक वेळी मी बसते.

३१२

घसा बसला. काका आता चिठ्ठी न पाहता अर्धी सांगतात. सायकलपाशी अडतात. मी चिमी. ताईची. हे वाचून कळलं, आठवलं नाही. चालेल.

५४०

मांडणीची वायर भिंतीतून उपटली. प्लग माझ्या हातात आहे. संपला खेळ —

टक्.

५४१.

५४३

साहेब दाराच्या काचेतून बघतायत. वहीत काहीतरी टिपून घेतायत. त्यांना जीभ काढून दाखवली.

७०८

मांडणीला खुर्ची हाणली. खुर्ची मोडली. आकडा पुढे. काकांनी मला दुसरी दिली. कुरकुरते, म्हणाले, पण बसा —

८६०

चिठ्ठ्या दोन आहेत. वेळ एकीपुरताच पुरतो. त्यांची वाचते.

९३१

कुणी विचारलं, नवीन का. होय म्हटलं. मग वाचलं. सायकल, वळण, हनुवटी. ते पुढचं बोलले — मी सोडायला नको होती, म्हणाले. हे चिठ्ठीत नाही! हे चिठ्ठीत नव्हतं —

९८८

वाच. वदवून घे. वाच.

९९६

काचेपलीकडे एक बाई. हनुवटीवर खूण. म्हातारा उठला. बेबी म्हणाला! मी वाचायच्या आत. बेबी, लागलं का गं, म्हणाला. ती काचेला हात लावून अप्पा, अप्पा —

९९९

ही वही कोणाची, ठाऊक नाही. अक्षर गिचमिड आहे. आकड्याला एक बाकी. हे म्हातारे गृहस्थ माझा हात सोडत नाहीत, जमिनीवरचा कागद उचलून मला वाचून दाखवतायत. तुमचं आहे, म्हणतात, म्हणा माझ्यामागून. त्या लाल आकड्याचा मला राग का येतोय कळत नाही, पण येतोय, आणि तो मी सोडणार नाही. बरं, म्हणते. मी चि—